रामाची बोटं नसलेली खार

अक्का, तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत मी वर्तमानपत्र रोज वाचलं, पण आतलं कार्टूनचं पान उघडलं नाही. तिथं खार असली तर मी सवयीनं तुमच्या खोलीकडे तोंड करून "अक्का, आलीय बघा" म्हणणार. मग सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे त्या नजरेनं बघणार. एक म्हातारी गेली, आता दुसरीचं असं व्हायला लागलं, अशी ती नजर. म्हणून पान बंद.

लोक भेटायला येतात, तुमच्याविषयी विचारतात. हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या शाळेत ड्रॉइंग टीचर होत्या ना? किती वर्षं नोकरी केली? लग्न का नाही केलं? मी उत्तरं देते, चहा देते. पण तुम्ही कोण होतात हे ज्यातून कळलं असतं, तो प्रश्न कुणीच विचारत नाही. या बाईंचं खारींशी काय वाकडं होतं?

खऱ्या खारींशी काहीच वाकडं नव्हतं. उणकलच्या या घरामागच्या पेरूवर ज्या नाचतात, त्यांना तुम्ही रोज भिजवलेले शेंगदाणे ठेवायचात आणि त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायचात. मी एकदा विचारलं, मराठीत का नाही? तर म्हणालात, "त्यांना मराठी कुठून येणार? शाळेत थोड्याच गेल्यात." तुमचं वैर होतं ते कागदावरच्या खारींशी. चार चौकोनांच्या पट्टीत शेपटी फुलवून उभी असलेली खार दिसली की तुमच्या कपाळाला आठी पडायची. शाळेत पोरांना एखादा दांडगट मुलगा दाखवावा तशी तुम्ही तिला बोट लावून दाखवायचात. "हिच्यावर विश्वास ठेवू नका."

हे सगळं जिथून सुरू झालं ते मला आज सांगायचं आहे. त्यातलं अर्धं तुम्हाला माहीत आहे. उरलेलं अर्धं सांगायचं धाडस मला त्रेपन्न वर्षं झालं नाही.

मी तुमच्या घरात आले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून हुबळीत दुसऱ्या कुणाच्या घरी नाही, अशी माझी समजूत होती. आमच्याच गल्लीत चार होत्या. पण त्या बिचाऱ्या भाजी निवडताना इंग्रजीत उसासे टाकत नव्हत्या, मी टाकत होते. आज ती मुलगी समोर आली तर तिला मी आधी पोटभर जेवायला घालीन आणि मग कान धरीन.

हुबळीतून तेव्हा एक मराठी साप्ताहिक निघत असे. आता ते बंद पडलं, संपादकही गेले, म्हणून नावं लिहीत नाही. संपादक तुमच्या भावाचे, म्हणजे आमच्या ह्यांचे, स्नेही. एकदा चहाला आले आणि म्हणाले, "मुलांच्या पानासाठी परदेशी चित्रांची पट्टी मिळतेय. वहिनी इंग्रजी शिकलेल्या, अक्कांचं अक्षर छापल्यासारखं. घरच्या घरी काम होईल की." पट्टी होती एका खारीची. आपण तिचं नाव ठेवलं झुपकी. तेवढ्या एका गोष्टीवर आपलं एकमत झालं होतं.

शनिवारी दुपारी तुमची शाळा सुटली की आपण जेवणाच्या टेबलाशी बसायचो. परदेशातून जाड कागदावरची छाप आलेली असायची. फुग्यांतलं इंग्रजी तुम्ही बारीक ब्रशनं पांढऱ्या रंगात बुजवायचात. ते वाळेपर्यंत मी मराठी वाक्यं लिहून द्यायची, मग तुम्ही टाकानं, काळ्या शाईनं, एकेक अक्षर फुग्यात बसवायचात. त्या कागदावरून छापखान्यात ब्लॉक व्हायचा. पण फुगे इंग्रजीच्या मापाचे, माझं मराठी त्यात मावायचं नाही.

"शालिनी, दोन शब्द कमी कर."

"एकही कमी होणार नाही, अक्का. अर्थ बिघडेल."

"मग खारीचं डोकं कापू?"

मी दोन शब्द कमी करायची आणि संध्याकाळपर्यंत तोंड फुगवून बसायची.

तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात मी छापून आलेलं पान नीट पाहिलं. झुपकीच्या पाठीवर तीन रेघा होत्या. मूळ चित्रात नव्हत्या.

"अक्का, हे काय?"

"बोटं."

"कुणाची?"

"रामाची. सेतू बांधताना खारीनं वाळू वाहिली, देवानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुमच्या बी.ए.ला नव्हतं काय हे?"

"ही परदेशी खार आहे. तिच्या जातीला रेघा नसतातच."

"तेच म्हणते मी. बाकीच्या सगळ्या वाळू वाहत होत्या, तेव्हा ही कुठं होती?"

  मी मूळ कलाकृतीचं पावित्र्य असं काहीतरी पुटपुटले. तुम्ही शाई ढवळत म्हणालात, "मी तिच्यावर उपकार करतेय. देव ज्याच्या पाठीवरून हात फिरवत नाही, त्यानं मुलांच्या पानावर कशाला यावं?"

मग दर शनिवारी तुमचा संशय वाढत गेला. ती खार मागच्या दोन पायांवर उभी राहायची आणि कमरेवर हात ठेवायची. "कमरेवर हात ठेवून उभं राहायचं ते विठोबानं." तिचे दोन्ही गाल दाण्यांनी टम्म फुगलेले आणि तरी ती फुग्यात भलीमोठी वाक्यं बोलायची. "तोंडात घास असताना एवढं बोलणारं माणूस मी फक्त आपल्या धाकट्या काकांना पाहिलंय, आणि तेही खोटं बोलायचे." ती माळ्याची टोपी पळवायची, कुत्र्याच्या नाकावर काहीबाही टाकायची, आणि चौथ्या चौकोनात हसायची. "हिला कुणी शिक्षा करत नाही, बघितलंस? पाचवा चौकोन असता तर केली असती. म्हणून चारच काढतात." आणि एका शनिवारी तुम्ही रॉकेल आणि साखरेच्या रांगेत अडीच तास उभ्या राहून घामाघूम होऊन आलात, टेबलाशी बसलात, तर त्या दिवशीच्या पट्टीत झुपकीची ढोली फळांनी गच्च भरलेली. तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "ही तर साठेबाज. हिच्यावर धाड पडायला पाहिजे." त्या दिवशी तुम्ही त्या रेघा इतक्या जाड काढल्यात की पाठीवर रामानं फटके दिल्यासारखं दिसत होतं.

मी हसले नाही. तेव्हा मी हसत नसे. हसण्यानं भाषांतरकाराची प्रतिष्ठा जाते, असं मला वाटायचं.

आता माझी फजिती. झुपकी ज्या फळामागे धावायची ते टोपी घातल्यासारखं, टणक, तपकिरी फळ. शब्दकोशात लिहिलं होतं, ओक वृक्षाचे फळ. ते फुग्यात मावेना आणि मावलं असतं तरी हुबळीत ओक कुणी पाहिलाय? मी चित्राकडे पाहिलं आणि ऐटीत लिहून दिलं, सुपारी.

"खार सुपारी खाते?" तुम्ही विचारलंत.

"रूपांतर असंच करायचं असतं, अक्का."

"असू दे की. पण मग अडकित्ता कुठाय?"

तुमच्या वर्गातल्या एका मुलीनं खारीचं चित्र काढलं, त्यात झुपकीपुढे पानाचा डबा, चुन्याची डबी, सगळं तबक मांडलेलं. तुम्ही तिला दहापैकी नऊ गुण दिलेत आणि चित्र घरी आणून मला दाखवलंत. मी दोन दिवस बोलले नाही.

पण खरा प्रसंग पुढे होता. एका पट्टीत झुपकी फळ पुरते आणि विसरते. शेवटच्या चौकोनात खूप वर्षं लोटलेली, आणि तिथं एक प्रचंड झाड, चार माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, त्याच्या सावलीत अख्खी शाळा डबे खात बसलीय. मी बेधडक लिहून दिलं, "एका सुपारीचं केवढं झालं हे झाड." लिहून दिलं आणि चार दिवसांसाठी माहेरी धारवाडला निघून गेले. सुपारीचं झाड बांबूसारखं सडसडीत आणि उंच असतं, त्याच्या सावलीत एक माणूससुद्धा धड बसू शकत नाही, हे मला माहीतच नव्हतं. मी सुपारी पाहिली होती ती थेट तबकात. तुमचं आजोळ शिरसीचं, सुपारीच्या बागांतलं. तुम्हाला माहीत होतं. हुबळीच्या बाजारात येणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत होतं.

परत आले तेव्हा अंक छापून आला होता. ओकचं झाड गायब. त्या जागी पाच सुंदर पोफळी, वाऱ्यावर किंचित कललेल्या, एकीच्या शेंड्यावर झुपकी, पाठीवर तीन रेघा. खाली शाळेची मुलं तशीच, पण प्रत्येकाच्या डोक्यावर तुम्ही एकेक छत्री काढली होती, सावली नाही म्हणून. तुम्ही माझं वाक्य बदललं नव्हतं. माझं वाक्य खरं ठरावं म्हणून जग बदललं होतं.

आज हे लिहिताना मला तुमच्या बोटांना हात लावावासा वाटतो. तेव्हा काय वाटलं ते सांगते. संपादक आले, चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "अक्का, काय झाडं काढलीत. चार पत्रं आलीत." मी विचारलं, "आणि भाषांतर?" ते म्हणाले, "हां, तेही होतंच की."

तेही होतंच की. या तीन शब्दांनी मी पेटले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि संपादकांना पत्र लिहिलं. तुम्ही अक्षर ओळखाल म्हणून डाव्या हातानं लिहिलं. परदेशी कलाकृतीची विटंबना होत आहे, खारीच्या पाठीवर मनमानी रेघा ओढल्या जात आहेत, झाडे उपटून दुसरी लावली जात आहेत, बालमनावर याचा काय परिणाम होईल. 'बालमन' हा शब्द मी दोनदा घातला. खाली सही, एक जागरूक वाचक, कलघटगी. कलघटगीच का? धारवाडहून परत येताना स्टँडवर कलघटगीची बस उभी दिसली होती म्हणून. तिथून कोण कशाला पत्र लिहितंय, असं मला वाटलं.

संपादक घाबरट. परदेशातल्या लोकांना कळलं तर पट्टी बंद होईल, म्हणून दिलगिरीचं तोंड करून घरी आले आणि पत्र तुमच्या हातात दिलं. यापुढे फुग्यांत छापखान्यातच शिशाचे खिळे जुळवून मजकूर चिकटवू, अक्कांना त्रास नको. तुम्ही पत्र वाचलंत. मी ओट्यापाशी उभी, हातात चहाची किटली. तुम्ही पत्र परत देत म्हणालात, "कोंबडीनं लिहिल्यासारखं अक्षर. कलघटगी म्हणजे देशपांडे मास्तर. दुसरं कोण?"

असे एक मास्तर कलघटगीत खरोखरच होते, हे मला त्या क्षणी कळलं. गटार, बसच्या वेळा, टपालाचा घोळ, लग्नातले कर्णे, सगळ्या विषयांवर ते सगळ्या वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचे. संपादक म्हणाले, "त्यांचंच असणार. पुढच्या अंकात दिलगिरी टाकून छापतो."

तेव्हा मी तोंड उघडलं. म्हणाले, "साखर घालू का अजून?"

तेवढंच, अक्का. एवढीच माझी कबुली.

त्यानंतरचा शनिवार मला आठवतो. तुम्ही शाळेतून आलात, हात धुतलेत, टेबलाशी येऊन बसलात. मग लक्षात आलं असावं. उठून तांदूळ निवडायला घेतलेत. शाळेत तुम्ही वर्षानुवर्षं माठ आणि पोपट शिकवत होतात. सगळ्या गावानं तुमचा हात पाहावा अशी ती एकच जागा होती, आणि ती मी घालवली. दौत कपाटावर गेली ती पुन्हा खाली आली नाही. माझी खार खिळ्यांच्या मजकुरात आणखी सहा महिने चालली. इतकी निर्जीव झाली होती की मीसुद्धा वाचत नव्हते.

मास्तरांवर मात्र तुम्ही जो राग धरलात, त्याला तोड नव्हती. धारवाडच्या एका लग्नात ते समोरच्या पंगतीत आले, तर तुम्ही वाढलेल्या पानावरून उठलात. तुमच्यासारखी बाई, जिनं कधी पानात शीतही टाकलं नाही. माझ्या रवीच्या वेळी घरात सगळ्यांना कलघटगीचा रंगीत पाळणा हवा होता. लाकडावर चित्रं काढलेला, पिढ्यान् पिढ्या टिकणारा. सगळ्या चांगल्या घरांतून तोच असायचा. तुम्ही म्हणालात, "कलघटगीची वस्तू या घरात येणार नाही." माझा मुलगा जुन्या लुगड्याच्या झोळीत वाढला, आणि का ते घरात फक्त मला माहीत होतं. झोळीला झोका देताना मी दर वेळी ठरवायची, आज सांगायचं. मग तुम्ही यायचात, रवीच्या कपाळावर हात ठेवायचात, माझ्यासाठी डिंकाचा लाडू पुढे करायचात. आणि तुमच्या हातचा लाडू खात असताना असलं काही सांगता येत नाही.

वर्षं गेली. तुमचा भाऊ गेला. आपण दोघीच उरलो, या नव्या घरात आलो, तळ्याकाठी फिरायला जायला लागलो. मला हसू यायला लागलं, ते तुमच्यामुळे. रोज सकाळी पेपर आला की आपण आधी कार्टूनचं पान उघडायचो आणि परदेशी खारींची चौकशी बसवायचो. तुम्ही फिर्यादी, मी त्यांची वकील. त्या वादात मी कधी जिंकले नाही. नात अदिती म्हणायची, "अज्जी, तुम्ही दोघी वेड्या आहात." तुम्ही म्हणायचात, "मी नाही. ही तुझी अज्जी खारींकडून बोलते."

शेवटच्या दोन वर्षांत तुम्हाला दिसेनासं झालं. मग मी पट्टी वाचून दाखवायला लागले, एकेक चौकोन. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि विचारायचात, "बोटं आहेत का पाठीवर?"

"आहेत. तीन."

"परदेशी कागद ना? मग कशी असतील?"

"आता तिकडच्यासुद्धा सुधारल्यात, अक्का."

"सुळ्ळु." खोटं बोलतेस, असं तुम्ही कन्नडमध्येच म्हणायचात, कारण त्यात प्रेम जास्त मावतं. "बघ नीट."

"नीटच बघतेय. ठळक आहेत."

एकाही पट्टीत नव्हत्या. मी दोन वर्षं रोज खोटं बोलले आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या एका सकाळचं. तुम्ही हसून म्हणालात, "त्या कलघटगीच्या मास्तरला कळवायला पाहिजे. म्हणावं, बघा, रामाची बोटं जगभर पोचली." त्याहून सोपी वेळ कधी आली नव्हती. मी पेपर मिटला. म्हणाले, "अक्का, ते पत्र..."

"कसलं पत्र?"

दिसत नसूनही तुम्ही चेहरा माझ्याकडे वळवलात. इतका मोकळा चेहरा.

"पेन्शनचं. हयातीचा दाखला मागितलाय."

"दे की मग पाठवून. आहे अजून मी."

तीन आठवड्यांनी तुम्ही नव्हतात.

अदितीला मी परवा हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अक्काज्जीला नक्की माहीत असणार. अशा गोष्टींत शेवटी असंच असतं." मला ते घ्यावंसं वाटलं. पण नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. पोटात ठेवणं तुम्हाला जमत नव्हतं. आमटीत मीठ जास्त झालं तर तुम्ही पाहुण्यांसमोर सांगायचात. माहीत असतं तर त्याच दिवशी ती किटली माझ्या हातातून काढून घेऊन मला झापलं असतंत. उगाच तुम्हाला अंतर्ज्ञानी करून मी सुटणार नाही.

तेराव्याला वैकुंठ समाराधना झाली. पंगती उठत आल्या होत्या, मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. एक खूप म्हातारे गृहस्थ काठी टेकत, मुलीच्या हाताला धरून आत आले, तुमच्या फोटोसमोर उभे राहिले, मग माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"मी देशपांडे. कलघटगीहून आलो. पेपरात वाचलं."

 ते फोटोकडेच बघत होते.

"बाईंनी माझ्याशी पन्नास वर्षं तोंड वाकडं केलं," ते म्हणाले. "एकदा तर लग्नात पानावरून उठल्या."

"मास्तर," मी म्हणाले, "त्या खारीचं ते पत्र तुम्ही लिहिलं नव्हतंत."

"नाहीच लिहिलं."

"मी लिहिलं होतं."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं, आता हा माणूस सगळ्या पाहुण्यांसमोर काठी आपटेल. ते म्हणाले, "तुम्ही होय? बालमन, बालमन. छापून आलं तेव्हाच मी म्हटलं, हे कुणीतरी नवशिकं आहे."

"मग तुम्ही नाकबूल का नाही केलंत? एक पत्र टाकायचं होतं अक्कांना."

 मास्तरांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली, तिच्यातून एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड. "वहिनी, मी चाळीस वर्षं पत्रं लिहिली. गटार तिथंच आहे, बस अजून उशिरा येते. मला एकाही पत्राचं उत्तर आलं नाही. आलं ते हे एकच, तेही मी न लिहिलेल्या पत्राला. नाकबूल केलं असतं तर हे परत मागितलं असतं त्यांनी."

तुमचं अक्षर, अक्का. त्रेपन्न वर्षांनी. तुम्ही त्यांना कार्ड पाठवलं होतंत हे मला माहीतच नव्हतं. एका खारीचं पाठमोरं चित्र, पाठीवर तीन रेघा, आणि खाली टाकानं काढलेली एकच ओळ. "पाठ फिरवली आहे. रेघा मोजून घ्या."

मी तिथंच, तेराव्याच्या दिवशी, तोंडावर पदर धरून हसले. मास्तरही हसले. सूनबाई बाहेर येऊन ती नजर टाकून गेली. मग मला रडू आलं. मास्तरांनी माझा हात थोपटला आणि म्हणाले, "होगली बिडु." जाऊ दे. त्यांना काय, ते निर्दोष. पन्नास वर्षं दुसऱ्याचा राग खाऊन चांगले अठ्ठ्याऐंशी वर्षांचे धडधाकट झालेत.

तो राग माझ्या वाट्याचा होता. तुम्ही मला त्रेपन्न वर्षं प्रेम दिलंत, लाडू दिलेत, आजारपणात उशाशी बसलात, आणि मी ते सगळं मास्तरांना पुढे करून घेतलं. खरा राग मिळाला असता तर कदाचित चार महिने अबोला झाला असता. मग एक दिवस तुम्ही शाई ढवळत काहीतरी टोचून बोलला असतात आणि आपण पुन्हा टेबलाशी बसलो असतो. त्यानंतर जे मिळालं असतं ते मला न घाबरता घेता आलं असतं. तुमची दौतसुद्धा कदाचित खाली आली असती. हे मी माझ्या भित्रेपणानं घालवलं, आणि याला आता उपाय नाही. क्षमा मागते, अक्का. उशिरा मागते, चारचौघांत मागते, हे सगळं छापायला देऊन मागते.

मास्तर उठताना मी त्यांना म्हटलं, "हे कार्ड खरं तर मला यायचं होतं."

त्यांनी विचार केला. लहान मुलाकडून खेळणं मागितल्यासारखं त्यांचं तोंड झालं. "चार दिवस ठेवा," ते म्हणाले. "पण परत पाठवा हं. मला ते लागतं."

आज तिसरा दिवस. कार्ड मी देवघराशेजारच्या फळीवर टेकवून ठेवलंय. येता जाता तुमची खार माझ्याकडे पाठ करून बसलेली दिसते. मी मोजल्या, अक्का. तीन आहेत. उद्या अदिती कलघटगीला जाऊन ते मास्तरांना देऊन येईल. आजचा दिवस मात्र तुम्ही माझ्यावर रागावलेल्या आहात.